आखाडाच्या आत कार्ड

२५ मे, रविवार

आक्काच्या लग्नाचा मांडव आज उतरवला. बांबू टेम्पोत चढवून पोरं गेली. अंगणात फक्त खड्डे.

आई सवयीने एक भाकरी जास्त थापते. मग "खा की रं, वाया जाईल" म्हणून माझ्याच ताटात.

कॉम्प्युटर टेबलावर आहे. कॅबिनेट मोठं घेतलं, वीज पुरवणारा एसएमपीएस गरजेपेक्षा मोठा, मदरबोर्ड असा की पुढे काहीही बदलता यावं. सगळं बेळगावहून महांतेशच्या दुकानातून आणलं. फक्त ग्राफिक्स कार्ड नाही. लग्नपत्रिका मांडता येतात, फ्लेक्स करता येतात. आक्काला जो खेळ खेळायचा होता तो मात्र उघडतच नाही. तो दोघांचाच खेळ आहे. स्क्रीन मधोमध दुभंगते, डावीकडे एक माणूस, उजवीकडे एक. एकाने दार धरायचं, दुसऱ्याने आत शिरायचं. एकट्याला खेळता येत नाही.

कार्ड लग्नाआधी घ्यायचं ठरलं होतं. मीच म्हणालो, नवीन येणार आहेत, थांबू. हळदीच्या दिवशी पाटावर बसूनच तिने विचारलं, "दिप्या, आलं का रं?"

"बघतोय."

"बघत बस. तवर माझी पोरं खेळतील."

करवल्या हसल्या. मीही हसलो. आज आठवून तसं हसू येत नाही.

१ जून, रविवार

गुंजीहून, आक्काच्या सासरहून, फोन. आक्का आखाडाला येणार.

आई सकाळपासून गाणी गुणगुणते आहे. "पयला आखाड हाय तिचा. सासूसुनंनं एका छपराखाली ऱ्हायचं न्हाय, तोंड बघायचं न्हाय. म्हैनाभर माझी हाय ती."

महिनाभर. असा महिना पुन्हा नाही. पुढच्या वर्षापासून ती दोन दिवसांची पाहुणी, तेही दाजींच्या रजेवर. दाजी बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, घर आणि शेती गुंजीला.

तेव्हा कार्ड आखाडाच्या आत. ठरलं. खाली रेघ मारतो.

८ जून, रविवार

आठवडाभर वाचतोय. कंपन्या मुख्य दोन. डब्यांच्या रंगावरून मी त्यांना हिरवी आणि लाल म्हणतो. दोघींकडेही आठ जीबी मेमरीचं आणि सोळा जीबीचं. आठ आजच्या खेळांना पुरतं. सोळा पुढेही पुरेल. हिरवीचं चित्र जास्त सफाईदार, लालचं सोळा जीबी जरा आवाक्यातलं. एक व्हिडिओवाला म्हणतो, आठ घ्याल तर दोन वर्षांत पस्तावाल. दुसरा म्हणतो, दोन वर्षांनी तुम्ही बदलणारच आहात, आत्ता कशाला जीव काढता. दोघेही बरोबर वाटतात. हाच घोळ आहे.

शिवाय कोल्हापूर की बेळगाव? कोल्हापूर जवळ, बस केव्हाही मिळते. पण बाकी सगळं महांतेशकडचं. उद्या पडदा काळा झाला तर कोल्हापूरवाला म्हणेल बोर्ड बघा, महांतेश म्हणेल कार्ड बघा. मधे मी, निपाणीत.

कामावर, छपाईच्या दुकानात, मालकांनी माझ्या मोबाईलमध्ये डोकावून बघितलं. "काय रं हे? गेल्या आठवड्यात बी हेच बघत हुतास."

"कार्ड निवडतोय."

"आरं, लोक एवढ्या चौकशीनं पोरगी बघत न्हाईत. हितं रोज पत्रिका छापतोस, बघतोस न्हवं?"

१५ जून, रविवार

बेळगावला जाऊन आलो. संकेश्वरच्या पुढे पाऊस.

महांतेशने आठ जीबीचं, हिरवं, डबा उघडून हातात दिलं. वजनाने बरं वाटलं.

"हे सुम्मने, आहे तसं लावून टाक. खेळ. सोळा पाहिजे झालं की हे परत आण, मी बदलून देतो. तुझं मशीन त्याच्यासाठीच केलंय की आपण."

"परत घेताना केवढ्याला घेशील?"

"ते तेव्हा बघूया री."

मी कार्ड परत डब्यात ठेवलं. त्यावेळी त्याने पाडून मागितलं तर? दोनदा खर्च. सोळा बंगळूरहून मागवता येतं का विचारलं. येतं म्हणाला, नक्की कधी ते सांगता येत नाही. मी विचार करून कळवतो म्हटलं.

"किती विचार करूलायस रं? गिऱ्हाईक येऊन लग्न करून, पोरं घेऊन परत येऊलेत."

तो गमतीने बोलला. बसमध्ये मला ते लागलं.

२६ जून, गुरुवार

आखाड लागला. आक्का आली. दाजी बसस्टँडवर सोडून परतीच्या बसने बेळगावला कामावर.

ती बारीक झाली आहे. गुंजीचा तांदूळ आणला, वास घरभर. आईने लगेच कापण्यांचं पीठ भिजवलं. आप्पा दोनदा उगीच आतबाहेर करून तिच्याकडे बघून गेले.

जेवण झाल्यावर तिने बॅगेतून एक पुडकं काढलं. खेळायचे दोन कंट्रोलर. एक काळा, एक निळा. आहेराच्या पाकिटांतले पैसे बाजूला ठेवून घेतले म्हणाली. दाजींनीच बेळगावातून आणून दिले.

"निळा माझा. लाव."

मी सांगितलं, कार्ड अजून घेतलं नाही.

ती खुर्चीत बसलेली होती. कंट्रोलरची बटणं नुसतीच दाबत राहिली. टक टक टक.

"आठात त्यो खेळ चालतोय का न्हाय?"

"चालतो. पण पुढे..."

"पुढं मी हाय का हितं?"

मग स्वतःच विषय बदलला. आईला हाक मारली, कापण्या करपल्या का म्हणून.

२९ जून, रविवार

'पुढं मी हाय का हितं?' हेच तीन दिवस कानात आहे. तरी आज पुन्हा लाल सोळा आणि हिरवं सोळा यांची तुलना बघितली. का बघितली?

५ जुलै, शनिवार

लिहायची लाज वाटते आहे. तरी लिहितो.

आक्काने सकाळी जवळपास ढकलूनच बाहेर काढलं. "आज हात हलवत आलास तर दार उघडणार न्हाय." मालकांकडून सुट्टी घेतली. पैसे खिशात, छत्री, कॅबिनेटचं माप लिहिलेला कागद.

महांतेशकडे आठ होतंच. आणि लाल कंपनीचं सोळा नेमकं आलेलं. एकच. माझ्यासमोर ठेवलं. लांबी मोजली, बसत होतं. वायर पुरत होती. सगळं जुळत होतं. पैसे काढणार एवढ्यात शेजारी उभा असलेला कुणी कॉलेजचा मुलगा म्हणाला, "दिवाळीला नवी सिरीज येणार म्हणतात. ह्याची किंमत पडणार."

कुणी म्हटलं, कशावरून, काहीच माहीत नाही. महांतेश त्याच्यावर डाफरला, "तू घेणार हायस काय? न्हाय न्हवं? मग?" पण माझा हात खिशातच राहिला.

शेवटी काहीतरी घ्यावं म्हणून एक स्टँड घेतला. जड कार्ड वाकू नये म्हणून खालून आधार द्यायचा, छोटा, काळा.

घरी आल्यावर आक्काने पिशवी उघडली. उलटसुलट करून बघितलं.

"हे काय?"

"कार्डाला खालून आधार."

"कार्ड कुठाय?"

मी छत्री कोपऱ्यात उभी केली.

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. आईला बोलावून दाखवलं. "आई, बग की. नवरीचा पत्ता न्हाय आणि ह्यानं पाळणा आणलाय!" आईही हसली. मग आक्का हसायची थांबली. स्टँड टेबलावर उभा केला, बोटाने सरळ केला आणि आत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

९ जुलै, बुधवार

पाऊस सतत. लाईट ये-जा.

आक्काने आपणहून कॉम्प्युटर सुरू केला. जुना गाड्यांचा खेळ शोधून काढला, काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात लहानपणी खेळायचो तो. त्याला कार्ड लागत नाही. एकाच कीबोर्डवर दोघं, तिच्याकडे बाण, माझ्याकडे अक्षरं. कोपराला कोपर.

"तू अजून बी वळणावर थांबतोस रं!"

"गाडी पलटी होते."

"हू दे की! परत सुरू हुत्या!"

ती तीनही डाव जिंकली. चौथा लाव म्हणाली. मी म्हटलं, एक मिनिट, आणि मोबाईल घेऊन खाटेवर बसलो. दिवाळीच्या नव्या सिरीजबद्दल खरंच काही आलंय का ते बघायचं होतं. ती एकटीच दोन्ही हातांनी दोन्ही गाड्या चालवत होती. बाणाने एक, अक्षरांनी एक. मधूनमधून माझ्या गाडीला मुद्दाम धडकवून "मर" म्हणायची.

मी पुन्हा जाऊन बसलो नाही. लाईट गेली.

त्या सिरीजबद्दल काहीच आलेलं नव्हतं.

१३ जुलै, रविवार

सकाळी महांतेशला फोन केला. लाल सोळा गेलं होतं, कुणीतरी नेलं. दुसरं मागव म्हटलं. ॲडव्हान्स पाठवला. बुधवारपर्यंत येईल म्हणाला. आक्काला सांगितलं. तिने माझ्या पाठीत दणका घातला. "आलास बाबा एकदाचा माणसात!" आखाड संपायची अमावास्या लांब आहे. बुधवार ते अमावास्या, पुष्कळ झालं.

दुपारी गुंजीहून फोन आला.

रोपलावणी. भात लावायला बायका मिळत नाहीत, चिखलणी करून शेत उभं आहे, पाऊस थांबत नाही. सुनेला पाठवा.

आई म्हणाली, "आवं पण आखाड हाय. सासूसुनंची नजर पडती."

तिकडे त्यांनी त्याचाही विचार केलेला. आक्का चुलत सासूकडे राहील. घर गल्लीच्या पलीकडे. वेगळं छप्पर. शेतातही सासू एका टोकाला, सून एका टोकाला.

आईने फोन आप्पांकडे दिला. आप्पांनी ऐकून घेतलं, "व्हय, व्हय" म्हणाले आणि फोन परत आईकडे. लावणी अडली म्हटल्यावर शेतकरी माणूस काय बोलणार.

आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. माझ्याकडे बघितलं नाही. बॅग खाली काढायला माळ्यावर चढली.

१४ जुलै, सोमवार

स्टँडवर सोडून आलो. बेळगावची बस उशिरा आली. वाट बघताना म्हणाली, "महांतेशला पैसं पाठवलेस न्हवं? आता न्हाय म्हणू नगो. त्यो बिचारा."

"नाही म्हणणार."

"आणि निळ्याला हात लावायचा न्हाय."

बस सुटताना खिडकीतून हात केला. मी छत्री उघडी धरून उभा होतो, त्यामुळे मला नीट हात करता आला नाही. छत्री मिटायला किती वेळ लागतो? मिटायला हवी होती.

१६ जुलै, बुधवार

कार्ड आलं. बोलल्याप्रमाणे बुधवारी. बसच्या कंडक्टरकडे पार्सल दिलं होतं, स्टँडवर जाऊन घेतलं.

बसवलं. कट्ट आवाज होऊन कार्ड खाचेत बसलं. खाली तो स्टँड. मापात.

खेळ उघडला. पाऊस, झाडं, लाकडी घर, चित्र एवढं स्वच्छ की छपरावरचं शेवाळं दिसतं. मग स्क्रीन दुभंगली. डाव्या बाजूला माझा माणूस उभा. उजव्या बाजूला काळोख आणि त्यात एक ओळ: दुसऱ्या खेळाडूने कोणतंही बटण दाबावं.

बंद केला.

२० जुलै, रविवार

गेल्या महिन्याचा हिशेब मांडून पाहतो आहे, पैशांचा नव्हे. जूनच्या त्या रविवारी आठवालं आणलं असतं तर ती आली त्याच दिवशी आम्ही खेळायला बसलो असतो. चित्र थोडं कमी चांगलं दिसलं असतं. तिला त्याचा पत्ताही लागला नसता. मलाच लागला असता.

पुढे बदलता यावं म्हणून एवढं मोठं कॅबिनेट घेतलं. आणि पुढे बदलावं लागेल म्हणून कार्ड घेतलं नाही. माझ्यासारख्या माणसाला हे आधी कसं कळलं नाही.

संध्याकाळी तिचा फोन. मागे पावसाचा एवढा आवाज की निम्मं ऐकू येईना.

"आलं व्हय रं कार्ड?"

"आलं."

"कसं हाय?"

"चांगलं आहे. तू कशी आहेस?"

"पाय चिखलानं कुजल्यात. बाकी बरी हाय. सासूबाई लई ग्वाड हाईत. काल बांधावर उभ्या ऱ्हाऊन माझ्याकडं पाठ करून बोलत हुत्या. 'सुनबाई, चा घेतलासा काय?' आभाळाला इचारत्यात! मी बी आभाळालाच सांगतो, 'घेतला आत्ती.'"

दोघं खूप हसलो. मग रेंज गेली.

२९ जुलै, मंगळवार. पंचमी

आक्का आली. फक्त आजच्यापुरती. दाजी सकाळी सोडून गेले, संध्याकाळी न्यायला येणार. लावणी कालच आटोपली.

मी सगळं तयार ठेवलं होतं. निळा कंट्रोलर चार्ज करून, पुसून. वारुळाची पूजा करून, जेवून ती आली. गल्लीतल्या मैत्रिणी झोक्याला बोलवायला आल्या होत्या, त्यांना म्हणाली, "जावा तुमी फुडं. मला भावाकडं काम हाय."

खुर्चीत बसली. उजवीकडचा काळोख गेला, तिचा माणूस उभा राहिला. तिने लगेच त्याला पाण्यात पाडलं. "अगं बाई!" पुन्हा पाडलं. मग जमलं. तिने दार धरलं, मी आत गेलो. मी कळ दाबली, ती पलीकडे आली. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या आहेत. बटण दाबताना एक बोट वर धरते.

"लई भारी दिसतंय रं," म्हणाली. "बग, पानावरचं पाणी बी दिसतंय."

दुसऱ्या दाराशी मी आत जाऊन थांबलो. आता तिने यायचं होतं. ती आली नाही. मी म्हटलं, आक्का, दार उघडायचं बटण दाब. बघितलं तर झोपलेली. मान एका बाजूला, कंट्रोलर मांडीवर, अंगठा अजून बटणावर.

आवाज कमी केला. उठवावं का? आज एवढाच दिवस आहे. हात पुढे केला आणि मागे घेतला. आईने येऊन तिच्या अंगावर चादर टाकली.

दाजी आले तेव्हा तिला जाग आली. गडबडीने उठली, केस बांधले. "मेल्या, उठवायचं न्हाईस?" मला म्हणाली. रागावलेली नव्हती. पण निघताना पडद्याकडे एकदा बघितलं. तिचा माणूस दाराबाहेर उभा होता.

उठवायला हवं होतं की नको, हे मला आत्ताही ठरवता येत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

दुकानात गणपतीच्या पावत्या, फ्लेक्स, काम खूप. मालक म्हणाले, "आता तरी मोबाईलमधनं डोकं वर काढलास." बघायला काही उरलं नाही म्हणून काढलं, हे सांगितलं नाही.

आई म्हणाली, दिवाळसणाला येतील की दोघं. पण दिवाळसण म्हणजे दाजींचा मान, पाहुणे, घरभर माणसं. आक्का स्वयंपाकघरात असेल.

१७ ऑगस्ट, रविवार

दाजींचा फोन. दाजी मला कधी फोन करत नाहीत, मी घाबरलो. काही नव्हतं.

"दिपक, ती तुझी पेटी किती जड हाय रं?"

"का दाजी?"

"तुझी आक्का झोपंत अंगठा हलवतीया. मी म्हटलं काय झालं हिला. इचारलं तर म्हणाली, दार उघडायचं ऱ्हायलंय." ते हसत होते. "गणपतीला हिकडं ये. पाच दिवस असतो आमच्यात. पेटी घेऊनच ये. बेळगावपर्यंत बसनं आण, फुडं मी गाडी सांगतो."

मी खाटेवरून उठूनच उभा राहिलो. मग मी विचारलं, गुंजीला व्होल्टेज किती असतं. दाजी म्हणाले, असतंय की. मी म्हटलं, पावसात कमीजास्त होत असेल, स्टॅबिलायझर आहे का? शिवाय कार्ड जड आहे, बसमध्ये हादऱ्याने खाच तुटू शकते, काढून वेगळं आणावं लागेल. आणि वेगळं आणलं तर दमट हवेत...

मागून आक्काचा आवाज आला. "त्याला काय इचारू नगासा! नुसतं कुठल्या बसला बसायचं तेवढं सांगा!"

दाजी म्हणाले, "मग? येतोस न्हवं?"

मी म्हणालो, उद्या नक्की कळवतो.

फोन ठेवून बराच वेळ झाला. आईची जुनी गोधडी मागून घेतली आहे, गुंडाळायला. कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलंय. कार्ड अजून आतच आहे.